डाव रासायनिक सूत्रांचा

मराठी मध्यमवर्गीय घरात ‘पत्ते’ या शब्दाला फारशी प्रतिष्ठा नाही. ‘पत्ते कुटणे’ हा वाक्प्रचारच मुळी वेळ वाया घालवण्यासाठी वापरला जातो. पत्त्यांपाठोपाठ जुगार येतो आणि जुगारापाठोपाठ संसाराची धूळधाण होते, हा अनुभव अनेक कामगार वस्त्यांनी घेतलेला आहे. त्यामुळे अभ्यासाच्या टेबलावर पत्त्यांची कॅट दिसली की पालकांच्या कपाळावर आठी उमटते, यात नवल नाही. आणि तरीही याच घरांतील मुले मे महिन्याच्या रखरखत्या दुपारी आजी-आजोबांच्या शेजारी बसून झब्बू, बदाम सात, पाच-तीन-दोन, मेंढीकोट आणि गुलामचोर खेळत मोठी झाली आहेत. कोणता पत्ता पडला, कोणता कोणाच्या हातात असावा, आपल्याकडे काय उरले, हा हिशेब ती मुले न कंटाळता तासन्‌तास करीत असतात. तीच मुले शाळेच्या वहीत ॲल्युमिनियम सल्फेटचे सूत्र लिहिताना मात्र दोन आणि तीन या आकड्यांची अदलाबदल करून बसतात.

या दोन गोष्टी एकमेकींशी जोडता येतात, आणि त्या जोडल्या पाहिजेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना रासायनिक सूत्रे लिहिण्याचा सराव पत्त्यांच्या खेळातून द्यावा, आणि तो विशेषेकरून मराठी माध्यमाच्या, खासगी शिकवणी न परवडणाऱ्या मुलांना द्यावा, एवढाच या लेखाचा विषय आहे. विषय लहान वाटेल. परंतु विज्ञान शाखेच्या दारातून किती मुले परत फिरतात, याचे एक कारण या लहानशा अडचणीत दडलेले आहे.

गाडी अडते कोठे?

रासायनिक सूत्र म्हणजे पाठ करावयाचे स्पेलिंग नव्हे. तो जमाखर्च आहे. सोडियमकडे एक धनप्रभार आहे, क्लोराइडकडे एक ऋणप्रभार आहे. दोघांची फिटंफाट झाली की मीठ तयार होते आणि आपण एनएसीएल असे लिहितो. कॅल्शियमकडे दोन धनप्रभार आहेत. त्याला एक क्लोराइड पुरत नाही, दोन लागतात, म्हणून सीएसीएल२. ॲल्युमिनियमचे तीन आणि सल्फेटचे दोन. येथे सरळ फिटंफाट होत नाही, म्हणून दोन ॲल्युमिनियम आणि तीन सल्फेट घ्यावे लागतात. सहा जमा, सहा खर्च. सूत्र होते एएल२(एसओ४)३. राज्य मंडळाची पाठ्यपुस्तके हेच ‘संयुजांचा तिरकस गुणाकार’ या पायरीने शिकवत आली आहेत. पायरी सोपी आहे. पण ती अंगवळणी पडण्यासाठी शे-दोनशे वेळा करावी लागते. पोहणे किंवा सायकल चालवणे जसे वर्णन ऐकून येत नाही, तसेच हेही आहे.

चाळीस मिनिटांच्या तासिकेत साठ मुलांच्या वर्गाला शिक्षक किती सूत्रे सोडवून घेणार? पाच, फार तर दहा. उरलेला सराव घरी व्हावा अशी अपेक्षा असते. ज्या घरात मोठे भावंड विज्ञान शिकलेले आहे किंवा शिकवणीचे शुल्क भरण्याची ऐपत आहे, तेथे तो होतो. इतरत्र मूल मार्गदर्शकातील सूत्रांची यादी घोकते. घोकलेले चार आठवडे टिकते. पुढे समीकरणे संतुलित करण्याचा पाठ येतो, आणि ज्याला सूत्रच नीट लिहिता येत नाही त्याला समीकरणाचा डोंगर चढणे अशक्य होते. मग ‘मला केमिस्ट्री जमत नाही’ हे वाक्य त्या मुलाच्या तोंडी कायमचे बसते. दहावीनंतर शाखा निवडताना ते वाक्यच निर्णय घेते. मुलाची कुवत तपासली जातच नाही.

मराठी माध्यमाच्या मुलाला आणखी एक अडसर पार करावा लागतो. पुस्तकात नाव ‘सोडियम’ असते आणि शेजारी संज्ञा ‘एनए’. लोखंडाची संज्ञा ‘एफई’, तांब्याची ‘सीयू’, पोटॅशियमची नुसती ‘के’, पाऱ्याची तर ‘एचजी’. ही अक्षरे नॅट्रियम, फेरम, क्युप्रम, कॅलियम, हायड्रार्जिरम या लॅटिन नावांवरून आली आहेत, एवढे एक वाक्य सांगितले तरी मुलाचा गोंधळ निम्म्याने कमी होतो. बर्झेलियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८१३-१४ च्या सुमारास ही अक्षरपद्धती रूढ केली. इंग्रजी माध्यमातील मुलालाही ‘सोडियम’चे ‘एनए’ कसे झाले हे आपोआप कळत नाही. म्हणजे या प्रांतात दोघेही एकाच रेषेवर उभे आहेत, आणि मराठी मुलाने येथे न्यूनगंड बाळगण्याचे काहीही कारण नाही. एकोणिसाव्या शतकात कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील बाळाजी प्रभाकर मोडक यांनी रसायनशास्त्रावर मराठीतून ग्रंथरचना केली. आपल्या भाषेत हे शास्त्र तेव्हापासून नांदते आहे.

सोलापुरातील रसायन

सोलापूरच्या मुलासाठी तर रसायनशास्त्र हे परक्या गावचे पाहुणे असण्याचे कारणच नाही. या शहराची चादर आणि टॉवेल देशभर गेले ते रंगाच्या जोरावर. आणि सूत रंगवायचे तर कॉस्टिक सोडा, हायड्रोस, ब्लीचिंग पावडर ही नावे तोंडी असावीच लागतात. रंगशाळेत काम करणाऱ्या वडिलांच्या मुलाने कॉस्टिक सोड्याचा डबा पाहिलेला असतो. पण वहीतले ‘एनएओएच’ म्हणजे तोच डबा, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

शहराबाहेर पडले की चित्र आणखी स्पष्ट होते. सांगोला आणि आसपासच्या तालुक्यांत डाळिंबाच्या बागा आहेत, पंढरपूरच्या बाजूला द्राक्षे आहेत. डाळिंबाचे महत्त्व ओळखूनच केंद्र सरकारने २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरात स्थापन केले. डाळिंबावरील तेल्या रोगाशी झुंजणारा शेतकरी बोर्डो मिश्रण फवारतो. एक टक्का मिश्रणासाठी एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी, हे प्रमाण त्याला तोंडपाठ असते. फ्रान्समधील बोर्दो परगण्यातील द्राक्षबागांसाठी मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ साली हे मिश्रण जगापुढे मांडले, आणि आज ते आपल्या बागेतील पिंपात कालवले जाते. या मिश्रणातील मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, सीयूएसओ४. विरलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, सीए(ओएच)२. दोन्ही एकत्र आले की, सोप्या रूपात सांगायचे तर, जोडीदार बदलतात. तांब्याला हायड्रॉक्साइड मिळते आणि कॅल्शियमला सल्फेट. वडिलांना प्रमाण ठाऊक आहे, मुलाला सूत्र ठाऊक असायला हवे. दोघांचे ज्ञान एकाच घरात राहूनही परस्परांना भेटत नाही, ही आपल्या शिक्षणाची खरी उणीव आहे.

मोरचूद, तुरटी, नवसागर, सोरा, पापडखार, कळीचा चुना ही नावे आपल्या आज्या-पणज्यांना परिचित होती. मोरचूदाला तुत्थ आणि तुरटीला स्फटिका म्हणणारी रसशास्त्राची परंपराही आपल्याकडे आहे. त्या नावांचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु नाव पदार्थ ओळखायला शिकवते. त्यात कोणते घटक किती प्रमाणात आहेत हे सूत्रच सांगते, आणि सूत्राची भाषा गेल्या दोनशे वर्षांतील आहे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचे दोन खंड १९०२ आणि १९०९ साली सिद्ध केले. त्यांनी प्राचीन ग्रंथ चाळले आणि त्याच वेळी प्रयोगशाळेत आधुनिक पद्धतीने कामही केले. १९०१ साली ‘बंगाल केमिकल’ हा कारखाना उभा केला. परंपरा आणि आधुनिक विद्या यांचा मेळ कसा घालावा, याचा तो वस्तुपाठ होता.

खेळ कसा मांडावा

आता प्रत्यक्ष खेळाकडे वळू. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या जाड कागदाचे सारख्या आकाराचे बावन्न तुकडे कापावेत. प्रत्येकावर एका मूलकाचे मराठी नाव, त्याची संज्ञा आणि प्रभार लिहावा. सव्वीस पत्ते धन, सव्वीस ऋण. धन बाजूला सोडियम, पोटॅशियम आणि हायड्रोजन यांचे प्रत्येकी चार आणि अमोनियमचे दोन पत्ते. हे सर्व एक प्रभाराचे. कॅल्शियमचे चार, मॅग्नेशियम व तांबे यांचे प्रत्येकी दोन. हे दोन प्रभारांचे. ॲल्युमिनियमचे चार; हे तीन प्रभारांचे. ऋण बाजूला क्लोराइड व नायट्रेट प्रत्येकी चार आणि हायड्रॉक्साइड सहा. ऑक्साइड व सल्फेट प्रत्येकी तीन आणि कार्बोनेट दोन. शेवटी फॉस्फेट चार. बेरीज करून पाहिली तर धनप्रभार बेचाळीस आणि ऋणप्रभारही बेचाळीस भरतात. संपूर्ण कॅटच मुळी फिटंफाट झालेली आहे, ही गोष्ट मुलांकडूनच मोजून घ्यावी. याशिवाय त्रेपन्नावा पत्ता करावा ऑरगॉनचा. तो निष्क्रिय वायू. कोणाशीही जोडी न जमवणारा.

पहिल्या आठवड्यात फक्त एक प्रभाराचे अठ्ठावीस पत्ते आणि ऑरगॉन घेऊन गुलामचोर खेळावे. गुलामाची जागा ऑरगॉन घेतो. शेजाऱ्याच्या हातातून पत्ता ओढायचा. धन आणि ऋण यांची जोडी जमली की ती खाली मांडायची आणि संयुगाचे नाव घ्यायचे. सोडियम-क्लोराइड म्हणजे मीठ. पोटॅशियम-नायट्रेट म्हणजे सोरा. अमोनियम-क्लोराइड म्हणजे नवसागर. आणि हायड्रोजन-हायड्रॉक्साइड जुळले की काय झाले, असे विचारावे. ते पाणी आहे, हे मुलाला स्वतःहून उमगते तेव्हा शिकवणाऱ्याला वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही. डावाच्या अखेरीस ऑरगॉन ज्याच्या हातात एकटा उरतो तो चोर. निष्क्रिय वायू म्हणजे काय, हे तो मुलगा सहसा विसरणार नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून ऑरगॉन बाजूला ठेवून पूर्ण कॅटीने रमीच्या धर्तीवर खेळावे. प्रत्येकाला सात पत्ते. उरलेली गड्डी मध्ये. एक उचलायचा, एक टाकायचा. हातातील सातही पत्ते अशा गटांत बसले पाहिजेत की प्रत्येक गटातील धन आणि ऋण प्रभार समसमान भरतील. कॅल्शियम आणि दोन क्लोराइड हा तीन पत्त्यांचा मेळ. तीन सोडियम आणि एक फॉस्फेट हा चारांचा. दोन ॲल्युमिनियम आणि तीन सल्फेट हा पाचांचा. तिरकस गुणाकार येथे हाताने होतो. मूल दोन ॲल्युमिनियम आणि दोन सल्फेट मांडून पाहते, सहा आणि चार हा हिशेब जुळत नाही, ते तिसऱ्या सल्फेटची वाट पाहू लागते. त्या ‘तीन’ या आकड्यासाठी त्याने वाट पाहिलेली असल्यामुळे तो आकडा सहज डोक्यातून जात नाही.

येथे एक नियम कटाक्षाने पाळावा. पत्ते मांडून डाव जिंकला असे धरू नये. प्रत्येक मेळाचे सूत्र पाटीवर किंवा कागदावर लिहून दाखवल्यावरच डाव मान्य करावा. संज्ञेतील पहिले अक्षर मोठे, दुसरे लहान. आकडा खाली उजवीकडे. संयुक्त मूलक एकाहून अधिक असेल तर कंस. कंस विसरला तर डाव परत हातात घ्यावा. प्रतिस्पर्धी मुले ही तपासणी इतक्या काटेकोरपणे करतात की शिक्षकाच्या लाल शाईची गरज उरत नाही. हा नियम सोडला तर मुले पत्ते खेळायला शिकतील, सूत्रे लिहायला शिकणार नाहीत.

सराव वाढला की ‘जोड मेळ’ मान्य करावा. सोडियम, हायड्रोजन आणि कार्बोनेट असे तीन पत्ते मिळून खाण्याचा सोडा होतो. दोन सोडियम आणि कार्बोनेट मिळून धुण्याचा सोडा. स्वयंपाकघरातला आणि मोरीतला सोडा यांतील फरक एका पत्त्याचा आहे, हे मुलाला दिसते. पोटॅशियम, ॲल्युमिनियम आणि दोन सल्फेट हा मेळ तुरटीचा. फक्त तिच्या स्फटिकात बारा पाण्याचे रेणूही असतात, हे सोबत सांगावे. चुन्याचा तर संपूर्ण प्रवास मांडता येतो. कॅल्शियम आणि ऑक्साइड म्हणजे कळीचा चुना. पाणी घालून विरवला की कॅल्शियम आणि दोन हायड्रॉक्साइड. भिंतीला लावून हवेत वाळला की कॅल्शियम आणि कार्बोनेट. बोअरचे पाणी तापवल्यावर भांड्याच्या बुडाशी जो पांढरा थर बसतो, तोही मुख्यतः हाच कॅल्शियम कार्बोनेट. आणि शेवटी दोन मेळ समोरासमोर मांडून जोडीदार बदलायला सांगावे. मोरचूद आणि विरलेला चुना मांडला की बोर्डो मिश्रणाची गोष्ट टेबलावर उभी राहते, आणि रासायनिक समीकरणाचा पाठ सुरू झालेला असतो.

कल्पना नवी नाही

हा खेळ आपण प्रथमच शोधून काढला, असा आव आणण्याचे कारण नाही. एनसीईआरटीने २००६ साली काढलेल्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘अणू आणि रेणू’ या प्रकरणात असाच एक उपक्रम दिलेला होता. मुलांनी एका हातात संज्ञेचा आणि दुसऱ्या हातात संयुजेचा फलक धरावा, संज्ञा जागेवर ठेवून संयुजांची अदलाबदल करावी आणि सूत्र तयार करावे, असे त्यात सुचवले होते. औषधाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे संयुजेनुसार कापून, एकाचे फुगीर भाग दुसऱ्यात बसवून सूत्र करण्याची बिनखर्चाची युक्तीही तेथेच होती. टाकाऊतून विज्ञान शिकवण्याची वाट अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या आयुकातून वर्षानुवर्षे दाखवली. म्हणजे कल्पना छापील पानावर उपलब्ध होती; पानावरून ती वर्गात उतरवण्याचे काम मात्र आपले होते.

पत्त्यातून ज्ञान जपण्याची रीतही आपल्याला परकी नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात एकशेवीस गोल पत्ते असतात. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात बारा पत्ते. तो खेळणाऱ्या मुलाला अवतारांचा क्रम वेगळा पाठ करावा लागत नसे. सापशिडीचे मूळ रूप असलेल्या मोक्षपटात शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे होते. खेळ हा संस्काराचे वाहन होऊ शकतो, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. आपण ते विसरून खेळ आणि अभ्यास यांच्यात भिंत बांधली.

सोलापूर जिल्ह्याने अलीकडे शिक्षणात एक मोठा सन्मान मिळवला. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्याच्या त्यांच्या कामाची जगाने दखल घेतली, आणि दहा लाख डॉलरच्या पुरस्कारातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. या यशाचा अर्थ केवळ ‘मोबाइल आला की शिक्षण सुधारते’ असा लावणे उथळपणाचे होईल. आपल्या गावातील मुलाला नेमकी कशाची गरज आहे हे एका शिक्षकाने पाहिले आणि त्यानुसार साधन निवडले, हा त्याचा खरा अर्थ आहे. कोठे ते साधन क्यूआर कोड असेल, कोठे लग्नपत्रिकेचा तुकडा असेल.

आक्षेप आणि मर्यादा

पहिला आक्षेप जुगाराचा. त्याचे उत्तर सरळ आहे. या कॅटीत राजा-राणी-गुलाम नाहीत आणि खेळात पैसा नाही. ज्याला चौकटचा एक्का हवा आहे त्याला फॉस्फेटचा पत्ता काही कामाचा नाही. तरीही कोणाला ‘पत्ते’ हा शब्द खुपत असेल, तर त्याने खुशाल ‘सूत्रपट’ म्हणावे. शब्दावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. अभ्यासक्रम पुरा करतानाच शिक्षकांची दमछाक होते, त्यात खेळ कोठून आणायचा? हा आक्षेप प्रामाणिक आहे. निवडणुकीच्या कामापासून सर्वेक्षणापर्यंत सारे काही ज्याच्या गळ्यात पडते, त्या शिक्षकावर आणखी एक उपक्रम लादणे अन्यायाचे ठरेल. म्हणूनच हा खेळ तासिकेत न आणता घरात, अभ्यासिकेत आणि सुट्टीत आणावा. शिक्षकाने एकदा संच तपासून द्यावा, एवढे पुरे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो शास्त्राच्या बाजूने येतो. प्रभार जुळले म्हणजे पदार्थ अस्तित्वात आहेच असे नाही. दोन ॲल्युमिनियम आणि तीन कार्बोनेट हा मेळ हिशेबाने बिनचूक आहे. पण नेहमीच्या परिस्थितीत टिकून राहणारे ॲल्युमिनियम कार्बोनेट मिळत नाही. उलट हायड्रोजन पेरॉक्साइडचे सूत्र एच२ओ२ असे आहे. दोन्ही आकडे सारखे आहेत म्हणून त्याला दोनाने भागून चालत नाही, कारण त्यात दोन ऑक्सिजन परस्परांशी जोडलेले आहेत. कार्बनची असंख्य संयुगे तर या धन-ऋण हिशेबात मावतच नाहीत. सोलापुरात मुख्यालय असलेल्या बालाजी अमाईन्सच्या कारखान्यांत तयार होणारी अमाईन्स त्यांपैकीच. आचार्य राय यांनी १८९६ साली मर्क्युरस नायट्राइट हे संयुग मिळवले. त्यात पाऱ्याचे दोन अणू हातात हात घालून उभे असतात आणि दोघांचा मिळून प्रभार दोन असतो. केवळ अंकगणित करणारा विद्यार्थी त्याचे सूत्र छाटून निम्मे करील आणि चुकेल. आकडे निसर्गाला हुकूम देत नाहीत; निसर्गात जे आढळले त्याची ते नोंद ठेवतात. पत्त्यांनी हिशेबाची सवय लागते. पदार्थाची ओळख प्रयोगशाळेत आणि ग्रंथातच व्हावी लागते, आणि हे मुलांना खेळाच्या पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे.

परंतु मर्यादा आहे म्हणून साधन टाकून द्यायचे नसते. पाढे पाठ असणारा प्रत्येक जण गणिती होत नाही. पण पाढे न येणाऱ्याची वाट गणितात फार लवकर संपते. सूत्रांचेही तसेच आहे. १८६९ साली मेंडेलीव्हने त्या वेळी ज्ञात असलेल्या ६३ मूलद्रव्यांची मांडणी केली तेव्हा काही जागा रिकाम्या सोडल्या, आणि तेथे यावयाच्या मूलद्रव्यांना संस्कृतातील ‘एक’ हा उपसर्ग लावून एका-ॲल्युमिनियम, एका-सिलिकॉन अशी नावे दिली. १८७५ साली गॅलियम आणि १८८६ साली जर्मेनियम सापडले आणि त्या जागा भरल्या. मांडत राहणे, जुळवून पाहणे, न जुळणारी जागा ओळखणे हा रसायनशास्त्राचा स्वभावच आहे. मुलाला तो लहान वयात हाताळायला मिळाला तर बिघडले कुठे?

मोठ्यांनी काय करावे

या खेळाला एकच गोष्ट महाग पडते, ती म्हणजे मोठ्या माणसाचा वेळ. संच मुलाच्या हातात देऊन आपण दूरचित्रवाणीसमोर बसलो, तर दोन दिवसांत पत्ते खाटेखाली जातील. आई, वडील, आजोबा, काका यांपैकी कोणीतरी डावात बसले पाहिजे. त्यांना रसायनशास्त्र येत नसेल तरी बिघडत नाही. प्रभारांची बेरीज करण्यासाठी चौथीचे गणित पुरते. उलट आजोबा हरले आणि नातवाने त्यांना कंस का हवा हे समजावून सांगितले, तर नातवाचा धडा पक्का झाला असे समजावे.

सोलापूरसारख्या शहरात या खेळाला आणखी एक अर्थ आहे. येथे मराठीच्या शेजारी कन्नड, तेलुगू आणि उर्दू नांदतात. विणकर वस्तीतील पुष्कळ मुले घरी तेलुगू बोलतात आणि शाळेत मराठी शिकतात. संज्ञा मात्र साऱ्यांना सारखीच. पत्त्याच्या एका कोपऱ्यात घरच्या भाषेतील नाव लिहिले की त्याच डावात चार भाषांची मुले बसू शकतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये मातृभाषा आणि कृतीतून शिक्षण यांवर भर आहे. तो भर परिपत्रकातच राहू द्यायचा की वस्तीतल्या सतरंजीवर आणायचा, याचा निर्णय मंत्रालयात होत नाही. वस्त्यांमधून अभ्यासिका आणि संस्कारवर्ग चालवणारे कार्यकर्ते, निवृत्त शिक्षक, विज्ञान शाखेत शिकणारे महाविद्यालयीन तरुण यांनी मनावर घेतले तर एका सुट्टीत अनेक वस्त्यांत हे संच पोहोचू शकतात. गणेशोत्सवात मंडळे रांगोळी आणि पाककृतीच्या स्पर्धा घेतात. त्यांच्या जोडीला सूत्रांच्या डावाची एक स्पर्धा ठेवायला मांडवाचा खर्च वाढत नाही.

संच तयार करण्यास एक संध्याकाळ पुरते. तो मुलांकडूनच करून घ्यावा, कारण बावन्न पत्ते लिहिताना बावन्न वेळा संज्ञा आणि प्रभार हातून उमटतो, आणि सरावाची सुरुवात तेथेच होते. घरातील जुन्या लग्नपत्रिका रद्दीत देण्यापूर्वी त्या एकदा मोजून पाहाव्यात.